तीन वर्षांच्या पाठीत स्क्रू कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून. "एवढ्याशा लेकराची पाठ का उघडता? बेल्ट लावा, वाढ पुरी होऊ द्या, मग बघू." आजी-आजोबा हे विचारतात, कधी डॉक्टरही.

बेल्ट आवरतो तो पाठीच्या कण्याचा लवचीक बाक. जन्मजात बाकात हाडाचा आकारच चुकलेला असतो: एखादा मणका अर्धाच, एकाच बाजूला घडलेला असतो. तो काढून वरखालचे मणके स्क्रूंनी जोडायचे, ही ती शस्त्रक्रिया. अर्ध्या मणक्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे चकती (दोन मणक्यांमधली गादी) शाबूत असेल, तर तो पाचरीसारखा वाढत एक बाजू उचलत राहतो. त्यातच कण्याच्या विरुद्ध बाजूला मणके एकमेकांना जुळलेले असले, तर बाक वर्षाला ५ ते १० अंश वाढतो, कधी त्याहूनही जास्त.

एके काळी 'थांबू या' म्हणणाऱ्यांत मीही होतो. मणके जोडले की तिथली वाढ संपते, आणि पहिल्या ५ वर्षांत पाठीचा कणा जवळजवळ १० सेंटिमीटर वाढतो. ती वाढ कोण घालवेल? पण वाकडी वाढ उंचीत धरता येत नाही. वेळेवर केलं तर बहुधा दोन-तीन मणके जोडून भागतं. उशीर झाला की शेजारचे चांगले मणकेही त्या बाकात ताठरतात आणि तेही जोडावे लागतात.

धोका नाही असं मी म्हणणार नाही. अर्ध्या मणक्याची मागची कमान, पुढचा गाभा, त्या दोघांना जोडणारा देठ आणि वरखालच्या चकत्या, सगळं काढायचं असतं. छातीत असेल तर बरगडीचं टोकही. १२ किलोच्या मुलात सगळं मिळून रक्त ९०० मिलीच्या आसपास. २०० मिली गेलं की जवळजवळ पाव भाग गेला.

पण खरी कसोटी मणका काढून उरलेली फट मिटवताना. वरखालचे स्क्रू एकमेकांकडे ओढले जातात आणि मॉनिटरवर मेंदूकडून मज्जारज्जूतून पायांपर्यंत जाणारे सिग्नल क्षीण होतात. तीन वर्षांच्या मुलाला टेबलावर जागं करून "पाय हलव" म्हणता येत नाही, त्यामुळे त्या रेषांवरच विसंबायचं. हात थांबवायचे, ओढ सैल करायची. भूलतज्ज्ञ रक्तदाब वर नेतात. तापमान, हिमोग्लोबिन, सिग्नल टिपणाऱ्या सुया जागेवर आहेत ना, सगळं बघतात. भुलेचा वायू हे सिग्नल दाबतो, म्हणून भूल शिरेतून देतात. तरी वायू सुरू नाही ना, हे पुन्हा तपासायचं. इकडे आम्ही कमानीची कड मज्जारज्जूवर टेकली का, मज्जारज्जूच्या आवरणाला घडी पडली का, ते पाहतो आणि गरज पडली तर कड आणखी कोरतो. सिग्नल परतले की पुन्हा हळूहळू ओढायचं. ओढ जास्त झाली तर स्क्रू बसवलेला कोवळा देठच मोडतो. सिग्नल परतलेच नाहीत, तर बाक तसाच ठेवून बाहेर पडायचं. "पूर्ण सरळ का नाही केलं?" याचंही उत्तर तेच.

म्हणूनच आधी पूर्ण कण्याचा एमआरआय, हृदयाचा इको आणि किडनीची सोनोग्राफी. हे अवयव गर्भात साधारण त्याच आठवड्यांत घडतात. मज्जारज्जू खाली अडकलेला असेल, तर ते आधी कळायला हवं.

आणि हो, वरखाली दोन्हीकडे शेजारच्या मणक्यांशी जुळलेला, मध्ये चकती नसलेला अर्धा मणका वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. त्याला हात लावू नये. एकाच बाजूला जुळलेला असेल तर? तिथे माझं मत अजून डळमळतं. जन्मजात बाकाच्या मोजणीत १० अंशांचा फरक निव्वळ मोजणाऱ्यामुळेही पडतो. तिथे तुम्ही 'थांबा' म्हणालात तर मी भांडणार नाही. दर ४ ते ६ महिन्यांनी एक्स-रे काढा, आणि पहिली फिल्म जपून ठेवा. तुलना तिच्याशी करायची, मागच्या खेपेच्या फिल्मशी नाही.