तुम्ही विचारलंत म्हणून : "डोयानं पाह्यलं होतं का?"

रोजगार हमीतून झालेल्या पांदण रस्त्याच्या (शेतात जायच्या वाटेच्या) मस्टरची, म्हणजे मजुरांच्या हजेरीपटाची तक्रार मी केली, त्याला बरीच वर्षं झाली. तरी आठवडी बाजारात, लग्नाच्या पंगतीत कोणी ना कोणी विचारतंच, "भाऊ, तुमी डोयानं पाह्यलं होतं का?"

नाही. मी काहीच पाहिलं नव्हतं.

कापूसवेचणीचे दिवस होते. ओळखीची एक बाई संध्याकाळी घरी आली. म्हणाली, "माही जाऊ दिवाळीपासून पुण्याले हाय, अन् तिच्या खात्यात रोजगार हमीचे पैसे आले. ते वापस मांगाले मानूस फोन करते." हे तिला जावेनं सांगितलेलं. म्हणजे माझ्यापर्यंत येईतो गोष्ट दोन तोंडांतून आली होती. कोर्टात अशी साक्ष टिकत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ५५ सांगतं की पाहिलेली गोष्ट पाहणाऱ्यानंच सांगायची, ऐकलेली ऐकणाऱ्यानं. मला हा नियम मनापासून पटतो. गावात नुसत्या बोलण्यावरून माणूस चोर ठरतो आणि मग त्याच्या पोरीचं लग्न जुळत नाही.

पण मी कोणाला चोर म्हटलंच नव्हतं. त्या कामाचं सगळं मस्टर आणि खात्यांत गेलेल्या रकमा ताडून पाहा, एवढंच लिहिलं. जावेचं नाव मुद्दाम घातलं नाही. ऐकीव गोष्टीवरून शिक्षा देता येत नाही, तपास मात्र सुरू करता येतो. नाहीतर कपाटातल्या कागदाची तक्रार कपाटाची किल्ली असलेल्यानंच करायची का?

अमेरिकेत २०१९ साली हाच वाद पेटला होता. ट्रम्प आणि युक्रेनचे झेलेन्स्की २५ जुलैला फोनवर बोलले. ट्रम्प यांनी स्वतःच्या राजकीय फायद्यासाठी झेलेन्स्कींवर दबाव आणला, अशी तक्रार १२ ऑगस्टला एका सरकारी कर्मचाऱ्यानं नाव गुप्त ठेवून केली, आणि बहुतेक गोष्टी आपण प्रत्यक्ष पाहिलेल्या नाहीत हे त्यातच लिहून दिलं. ट्रम्प यांच्या बाजूचे लोक "ऐकीव, ऐकीव" म्हणत राहिले. पण २५ सप्टेंबरला त्या संभाषणाची नोंद खुद्द व्हाइट हाउसनं जाहीर केली, आणि पुढे तो फोन ऐकणारे लेफ्टनंट कर्नल विंडमन यांनी साक्ष दिली. त्यानंतर प्रश्न तक्रारदारानं काय ऐकलं हा उरलाच नव्हता. महाभियोग झाला, तरी ५ फेब्रुवारी २०२० ला सिनेटनं ट्रम्पना दोषमुक्त केलं. दोषी ठरवायला शंभरांपैकी दोनतृतीयांश मतं लागतात. एका आरोपावर ४८ पडली, दुसऱ्यावर ४७. तिथं आरोप आणि सुनावणी कोर्टासारखी, निकाल मात्र मतांचा. सिनेटला कोर्टाचे पुराव्याचे नियम बांधील नसतात.

आपल्याकडे सरपंचाच्या बाबतीत या दोन वाटा वेगळ्या आहेत. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ३५ खाली अविश्वास आणला, तर पुरावा लागत नाही, पुरेशी मतं लागतात. कलम ३९ खाली गैरवर्तनासाठी काढायचं, तर नोटीस, चौकशी, बाजू मांडायची संधी. हे लोक मिसळून टाकतात आणि मला म्हणतात, "पुरावा होता तं सरपंच कसा नाही गेला?" मतं नव्हती, म्हणून.

चौकशीला आलेल्या साहेबांचा पहिला प्रश्न होता, "तुम्हाला सांगितलं कोणी?" मला तो फार लागला. मस्टर समोर टेबलावर होतं, ते उघडायचं सोडून माणूस शोधत होते. मी दोन तास तेच म्हणत राहिलो, कागद पाहा. शेवटी पाहिला. वेचणीला परगावी गेलेल्यांची हजेरी त्यात भरलेली निघाली. पैशाची वसुली झाली, थोडी.

त्या बाईनं पुढे वर्षभर माझ्या घराकडची वाट सोडली होती. भीती खोटी नव्हती. हमरस्त्याच्या कामातला भ्रष्टाचार कळवणाऱ्या सत्येंद्र दुबेंना २००३ मध्ये गयेत गोळ्या घातल्या गेल्या. अशा लोकांना संरक्षण देणारा कायदा २०१४ साली झाला, पण सरकारनं तो अमलात आणलेला नाही.

आता कोणी काही सांगायला आलं की मी वही काढतो. कामाचं नाव, गट नंबर, तारखा, मस्टर क्रमांक असं सगळं उतरवून घेतो. सांगणाऱ्याचं नाव वहीत येत नाही, सही माझी असते.