डेकसाठी फळ्या किती? अर्ध्या इंचाचा हिशोब

न्यू जर्सीतल्या आमच्या घरामागे यंदा डेक, म्हणजे लाकडी ओटा, केला. भिंतीला लागून १६ फूट, अंगणाकडे १४ फूट. टाऊनशिपचं परमिट हाती आलं आणि लाकडाचा हिशोब मी पाच मिनिटांत उरकला. १४ फूट म्हणजे १६८ इंच, फळी ६ इंच रुंद, तेव्हा १६ फुटी २८ फळ्या. वाया जाण्यासाठी दहा टक्के धरून ३१.

फळ्या घरी उतरल्यावर टेप लावली, तर रुंदी भरली साडेपाच इंच. इथे ‘६ इंची’ हे फक्त नाव असतं. रंधून तयार झालेली फळी साडेपाचच भरते. १६८ ला साडेपाचाने भागलं की नुसत्या अंथरायलाच ३१ फळ्या लागतात. जास्तीच्या तीन त्या अर्ध्या इंचाने खाल्ल्या. त्यात दोन फळ्या टोकाला चिरलेल्या निघाल्या, आणि पायऱ्या तर मी धरल्याच नव्हत्या.

त्या रात्री चौकटीच्या कागदावर एकेक तुकडा काढला. हे मी आधीच करायला हवं होतं. खालच्या तुळया, म्हणजे जॉईस्ट, दर १६ इंचांवर एक: १६ फूट म्हणजे १९२ इंच, भागिले १६ बारा येतात, पण लागतात तेरा, कारण सुरुवातीची वेगळी मोजावी लागते. प्रत्येक फळीला प्रत्येक तुळईवर दोन स्क्रू, म्हणजे ८०६. फळ्या तिरप्या बसवायच्या असतील तर तुळया १२ इंचांवर घ्याव्या लागतात, तो विचार तिथेच सोडला.

दोन फळ्यांमधल्या फटीचा हिशोब मात्र केला नाही, तो मुद्दामच. प्रेशर ट्रीटेड, म्हणजे कुजू नये म्हणून दाबाने औषध मुरवलेलं, लाकूड एवढं ओलं होतं की स्क्रू आत जाताना भोकाभोवती पाणी यायचं. अशा फळ्या एकमेकींना चिकटवूनच बसवायच्या. सुकताना त्या आकसतात आणि फट आपोआप पडते.

कागदावरच पायऱ्यांचं कोडं सुटलं. तीन पायऱ्या, प्रत्येकीला चार फुटांचे दोन तुकडे, एकूण सहा. चिरलेल्या दोन फळ्यांची टोकं कापून टाकली, तरी प्रत्येकीतून चार फुटांचे तीन चांगले तुकडे निघाले. दुसऱ्या फेरीत मी तीनच फळ्या आणल्या. दोन डेकवर बसल्या, एक गॅरेजमध्ये ठेवली आहे.