बोलावणे न येता जे येतील त्यांची यादी

ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहरात मोठा भूकंप होऊन फोन बंद पडले, तर मदत मागण्यासाठी नागरिकांनी कोठे जायचे, हे शहराने आधीच ठरवून ठेवले आहे. उद्याने, शाळांची मैदाने, सामुदायिक केंद्रे अशा सुमारे पन्नास ठिकाणी लाल-पांढरे तंबू उभारले जातील, तेथे स्वयंसेवक रेडिओ घेऊन बसतील, आणि जखमी माणूस, कोसळलेले घर किंवा लागलेली आग यांची खबर घेऊन जो कोणी चालत येईल त्याचा निरोप ते पुढे पोहोचवतील. या ठिकाणांना येथे ‘बीकन’ म्हणतात. तेथे अन्नपाण्याचा किंवा पांघरुणांचा साठा नसतो आणि झोपायची सोयही नसते. ते केवळ संपर्काचे केंद्र आहे. गेली काही वर्षे मी माझ्या वस्तीतील अशा एका केंद्रासाठी माणसे जमवण्याचे काम करते, आणि त्याबद्दल सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

या शहराला एवढी तयारी का करावी लागते, ते थोडक्यात सांगायला हवे. उत्तर कॅलिफोर्नियापासून कॅनडातील व्हँकुव्हर बेटापर्यंत सुमारे हजार किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात समुद्रतळाचे भूपट्ट अमेरिका खंडाखाली सरकत आहेत. या कॅस्केडिया पट्ट्यातील शेवटचा महाभूकंप 26 जानेवारी 1700 रोजी रात्री झाला. येथील मूळ रहिवाशांच्या कथांत त्याच्या आठवणी आहेत आणि किनाऱ्यावर त्या वेळी खचून बुडालेल्या जंगलांचे वाळलेले बुंधे अजून उभे आहेत, पण नेमकी तारीख कळली ती जपानमधील जुन्या नोंदींवरून, कारण तेथे कोणताही धक्का न जाणवता त्सुनामीच्या लाटा येऊन धडकल्या होत्या. असा भूकंप पुन्हा होणार याबद्दल शास्त्रज्ञांत दुमत नाही. ऑरेगन राज्याने 2013 मध्ये तयार केलेल्या आराखड्यात, पोर्टलंड ज्यात येते त्या विलॅमेट खोऱ्यात वीज परत यायला एक ते तीन महिने आणि पिण्याचे पाणी व सांडपाणी व्यवस्था पूर्ववत व्हायला एक महिना ते एक वर्ष लागेल, असा अंदाज दिला आहे. राज्याला लागणाऱ्या द्रव इंधनापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक इंधन पोर्टलंडच्या वायव्येला नदीकाठच्या टाक्यांमधून येते, आणि त्या टाक्या ज्या भरावाच्या जमिनीवर उभ्या आहेत ती जमीन जोराच्या हादऱ्यात चिखलासारखी सैल होणारी आहे. मोबाइलचे मनोरे बॅटरीवर काही तास आणि जनित्रावर त्याहून थोडे अधिक चालतील. जनित्राला इंधनच मिळाले नाही, तर ते तेथेच थांबेल.

म्हणून तंबू आणि रेडिओ हवेत. पण ते विकत घेता येतात, पेटीत कुलूपबंद ठेवता येतात आणि वर्षातून एकदा बाहेर काढून तपासता येतात. माणसांचे तसे होत नाही. ज्या दिवशी या केंद्राची गरज लागेल त्याच दिवशी स्वयंसेवकांना बोलावण्याची सगळी साधने बंद असतील. फोन नाही, संदेश नाही, ईमेल नाही. कोणीही न बोलावता, आपले घर सावरून, मोडक्या रस्त्याने चालत येऊन जो माणूस त्या मैदानावर उभा राहील तोच आपला स्वयंसेवक, आणि माझ्या मते या सगळ्या कामाचा पाया हाच आहे. नावे भरपूर आहेत पण घरे दूर आहेत अशी यादी कागदावर कितीही चांगली दिसली, तरी तिचा भरवसा धरता येत नाही.

मी यादी करायला घेतली तेव्हा माणसाच्या प्रशिक्षणाच्या आधी त्याचा पत्ता विचारला. वस्तीच्या नकाशावर केंद्र मध्यभागी धरून, वीस मिनिटांत चालत पोहोचता येईल एवढ्या अंतरात कोण राहते, ते पाहिले. मग प्रत्येकाला आणखी एक प्रश्न विचारला: मंगळवारी दुपारी दोन वाजता तुम्ही कोठे असता? हा प्रश्न फार उपयोगी ठरला. पोर्टलंडच्या मधून विलॅमेट नदी वाहते. 2015 मध्ये खुला झालेला टिलिकम क्रॉसिंग आणि 2016 मध्ये नव्याने बांधून झालेला सेलवूड पूल सोडले, तर नदीवरचे बरेच पूल जुने आहेत आणि मोठ्या भूकंपानंतर ते वापरता येतील असे कोणी धरून चालत नाही. माझ्या यादीतील धडधाकट, उत्साही, उत्तम प्रशिक्षण घेतलेली अनेक माणसे दिवसा नदीच्या पलीकडे नोकरीला असतात. दुपारी भूकंप झाला तर त्यांना घरी परतायलाच कदाचित दिवस लागतील. त्या वेळी वस्तीत असतात ते निवृत्त लोक, घरून काम करणारे, लहान मुलांचे पालक, रात्रपाळी करून झोपलेल्या परिचारिका आणि कोपऱ्यावरच्या दुकानातील माणसे. तेव्हापासून मी आधी त्यांच्याकडे जाते.

एका वेळी केंद्रावर किमान चार माणसे हवीत: आलेल्यांशी बोलणारा एक, रेडिओवरचा एक, लिहून घेणारा एक आणि फलक व आवार सांभाळणारा एक. दिवसाच्या दोन पाळ्या धरल्या तर आठ जण होतात, आणि हे काम एका दिवसात संपणारे नाही. त्यातच यादीतील निम्म्या लोकांना कोणत्या ना कोणत्या खऱ्या कारणाने येता येणार नाही, हे गृहीत धरावे लागते. येथील प्रशिक्षणात क्रम स्पष्ट शिकवतात: आधी स्वतः, मग घरचे, मग शेजारी, आणि त्यानंतरच केंद्र. जो आपल्या जखमी आईपाशी थांबला त्याने कर्तव्य टाळलेले नाही, हे मी प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला तोंडाने सांगते, कारण ही गोष्ट आधी बोललेली नसेल तर माणूस घर आणि मैदान यांच्यामध्ये अडकून पडतो. त्याची दुसरी बाजू अशी की ज्याचे घर तयार नाही तो येऊ शकणार नाही. त्यामुळे पाणी तापवायची टाकी भिंतीला पट्ट्यांनी बांधली आहे का, दोन आठवड्यांचे पाणी आणि औषधे साठवली आहेत का, पलंगाखाली जाड तळाचे बूट ठेवले आहेत का, ही चौकशी मी यादी करण्याच्या कामातच धरते.

रेडिओबद्दल लोकांना उगीच भीती असते. साधे वॉकी-टॉकी घ्यायला परवाना लागत नाही. त्यांची शक्ती जास्तीत जास्त दोन वॅट असते, आणि घरे, झाडे व चढउतार असलेल्या वस्तीत आवाज दीड-दोन किलोमीटर पोहोचला तरी समाधान मानावे. त्याहून शक्तिमान संचांसाठीचा परवाना पस्तीस डॉलरला मिळतो, दहा वर्षे चालतो, त्याला परीक्षा नाही आणि तो सगळ्या कुटुंबाला पुरतो. हॅम, म्हणजे हौशी चालकांच्या दूरवर पोहोचणाऱ्या रेडिओसाठी मात्र परीक्षा आहे. पहिल्या पायरीला पस्तीस प्रश्न असतात आणि सव्वीस बरोबर आले की उत्तीर्ण. वस्तीत दोन-तीन हॅम असले तर फारच चांगले, पण प्रत्येकाने हॅम होण्याची गरज नाही. शिकायचे असते ते वेगळेच: आधी लिहायचे आणि मग बोलायचे. कोठे, काय, किती माणसे, किती वाजता, हे कागदावर उतरल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. बटण दाबल्यावर क्षणभर थांबायचे, म्हणजे पहिला शब्द कापला जात नाही, आणि पलीकडच्याने निरोप वाचून दाखवेपर्यंत तो पोहोचला असे मानायचे नाही. रेडिओची हौस असलेल्या माणसापेक्षा सुवाच्य अक्षर आणि शांत आवाज असलेला माणूस या खुर्चीवर अधिक उपयोगी पडतो, असे माझे मत सरावांमधून पक्के झाले आहे. निवृत्त शिक्षिका हे काम सुरेख करतात.

खरी कसोटी टेबलाशी बसून आलेल्यांशी बोलणाऱ्या माणसाची असते. तंबूकडे येणाऱ्या बहुतेकांजवळ जीवनमरणाचा निरोप नसेल. मुलाची शाळा उभी आहे का, धरण फुटले म्हणतात ते खरे का, पाणी कोठे मिळेल, पलीकडच्या काठावर काय झाले, हे ते विचारतील, आणि एक वाहिनी शेकडो लोकांनी वाटून घ्यायची असताना यांतले काहीच रेडिओवर जाता कामा नये. पण त्यांना नुसते परत पाठवले तर अफवा वाढतील आणि दुसऱ्या दिवशी कोणी येणार नाही. म्हणून मोठा फलक असतो. त्यावरील प्रत्येक ओळीपुढे वेळ आणि ती माहिती कोणाकडून आली हे लिहायचे. खात्री नसेल तर ‘खात्री नाही’ असेही लिहायचे. या सवयीवर मी सरावात सर्वांत जास्त वेळ देते.

न्यूझीलंडमधील वेलिंग्टन शहराची पद्धत मला या बाबतीत फार मोलाची वाटते. तेथील सामुदायिक आपत्कालीन केंद्रे बहुधा शाळांमध्ये असतात, आणि प्रशिक्षित माणूस किंवा अधिकारी तेथे येईलच असे त्यांच्या योजनेत गृहीत धरलेले नाही. जे शेजारी जमतील त्यांनीच केंद्र उघडायचे, चालवायचे, आणि त्यासाठी तेथे मार्गदर्शिका, प्रत्येक भूमिकेची वेगळी सूचनापत्रे आणि रेडिओ ठेवलेला असतो. कोणाला काय हवे आणि कोणाजवळ काय देण्यासारखे आहे, यांची सांगड घालणारे एक टेबलही असते. सिअ‍ॅटलमधील केंद्रांतही हे काम महत्त्वाचे मानतात. पोर्टलंडमध्ये भर प्रशिक्षित स्वयंसेवकांवर आहे. दोन्ही पद्धती एकत्र आणाव्यात असा माझा आग्रह असतो: प्रशिक्षित माणसे जरूर तयार करावीत, पण त्यांच्यापैकी एकही आला नाही तरी एखाद्या अनोळखी बाईला पेटीतील कागद वाचून पहिला तास निभावता आला पाहिजे. त्यासाठी आम्ही प्रत्येक कामाची सूचना मोठ्या अक्षरांत, एका पानात बसेल अशी लिहिली आणि वस्तीतील ज्यांना या कामाची काहीच माहिती नव्हती अशांकडून ती वाचून घेतली. त्यांना जेथे अडले तेथे मजकूर बदलला.

हा आग्रह माझ्यात कोठून आला, ते मला ठाऊक आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी सोलापुरात शाळेत होते. अधिकृत नोंदींनुसारच सुमारे आठ हजार माणसे गेली, आणि पहिल्या काही तासांत ढिगाऱ्यात हात घातला तो गावातल्याच माणसांनी. पुढे घरांच्या दुरुस्तीचे व मजबुतीकरणाचे मोठे सरकारी काम सुरू झाले तेव्हा ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील शेकडो गावांत महिला मंडळांतील बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले गेले. हप्ता केव्हा मिळणार, भिंत कशी बांधायची, तक्रार कोठे करायची, हे गावाला सांगायचे आणि गावाचे म्हणणे वर पोहोचवायचे, हे त्यांचे काम. अनेकींचे शिक्षण थोडेच होते, पण गावातले प्रत्येक घर त्यांना माहीत होते. येथे सभागृहात मला कोणी विचारले की अनुभव नसलेल्या शेजाऱ्यांवर एवढे अवलंबून कसे राहायचे, तर मी त्या बायकांबद्दल सांगते.

माणसे मिळवण्याचा माझा मार्ग सावकाशीचा आहे. मोठ्या सभेत हात वर होतात आणि कागदावर नावे येतात, पण त्यांतली थोडीच माणसे पुढच्या सरावाला दिसतात. एकेकाच्या दारात जाऊन, एकच ठराविक काम सांगून विचारले तर उत्तर बहुधा मनापासूनचे मिळते. ‘स्वयंसेवक व्हा’ असे मी म्हणत नाही. ‘फलक लिहाल का’ असे विचारते. सराव संध्याकाळी, तासाभराचे आणि वर्षातून अनेक वेळा ठेवते. ऑक्टोबरच्या तिसऱ्या गुरुवारी भूकंपाची मोठी कवायत होते, तेव्हा मुलांनाही तंबू उभारायला घेते.

आता येथील मराठी कुटुंबांसाठी थोडे. आपल्यापैकी पुष्कळजण हिल्सबरो आणि बीव्हर्टनकडे इंटेल किंवा तशाच कंपन्यांत काम करतात. जे शहराच्या पूर्व भागात राहतात त्यांच्या आणि घराच्या मध्ये टेकड्या, बोगदा आणि नदी आहे. त्यांच्या घरी दुपारी भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील असतात, ज्यांना रस्ते ओळखीचे नाहीत आणि इंग्रजी बोलायचा संकोच वाटतो. त्यांना एखाद्या दिवशी घरापासून जवळच्या केंद्रापर्यंत चालत नेऊन जागा दाखवा आणि शेजारच्या दोन घरांशी त्यांची ओळख करून द्या. त्यांच्या खिशात एक कार्ड ठेवा: घराचा पत्ता, नातवंडांची शाळा, आजार आणि औषधांची नावे, सगळे इंग्रजीत. त्यावर ऑरेगनबाहेरच्या एका नातेवाईकाचा क्रमांकही हवा, कारण गावातल्या गावात फोन लागत नसताना बाहेर पाठवलेला छोटा संदेश कधी कधी जातो, आणि मग तो नातेवाईक दोन्ही काठांवरच्यांना एकमेकांची खुशाली कळवू शकतो. हिल्सबरो, बीव्हर्टन अशा वॉशिंग्टन काउंटीतील गावांत राहणाऱ्यांनी आपापल्या शहरातील ‘सर्ट’ पथकाकडे, म्हणजे आपत्तीत मदतीचे प्रशिक्षण घेतलेल्या नागरिकांच्या पथकाकडे, चौकशी करावी. पोर्टलंडचे तंबू पोर्टलंड शहरापुरतेच आहेत. ज्यांना मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्ही येतात आणि जे दुपारी घरी असतात, अशांची मला टेबलासाठी फार गरज आहे. शनिवारच्या सकाळी मी मैदानावर असते. तेथे येऊन भेटा.