पिशवीतलं लोह
आज भाच्याला रक्त चढवून आरमोरीला परतलो. थॅलेसेमिया आहे त्याला; अंगात रक्त नीट बनत नाही, म्हणून ते पुन्हा पुन्हा चढवावं लागतं. एसटीत विचारत होता, "मामा, फेरिटिन वाढलं म्हंजे का होते?" फेरिटिन म्हणजे अंगात किती लोह साठलंय ते सांगणारं रक्तातलं प्रथिन.

यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं, ते आतड्यातलं लोहाचं दार लावून घेतं. २००१ मध्ये पॅरिसच्या प्रयोगशाळेत हेप्सिडिन न बनवणाऱ्या उंदरांच्या अंगात लोह साचलेलं दिसलं, तेव्हा हे कळायला लागलं. केवढं बारीक काम! पण रक्ताच्या पिशवीतलं लोह त्या दारातून येतच नाही, थेट रक्तात जातं. एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्राम, आणि जादा बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. साचतं ते यकृतात, हृदयात.

म्हणून लोह काढणारी ती गोळी. सकाळी पाण्यात विरघळवून देताना तो तोंड वाकडं करतो. उद्याही मी शेजारीच बसणार आहे.