घाट लागला की उतरायचं

शाळेचं गॅदरिंग जानेवारीत असायचं, पण आम्हा पोट्ट्यांचं वर्ष डिसेंबरातच संपायचं, चिखलदऱ्याच्या सायकल सहलीला. नववी-दहावीची पंचवीस-तीस पोरं, वीसेक सायकली आणि इतिहासाचे सर. सायकली पोरांपेक्षा कमी, त्यामुळे डबलसीट ठरलेलं. ज्याच्या घरी सायकल नाही तो दुकानातून भाड्याने आणायचा. त्या भाड्याच्या सायकलला मडगार्ड नसलं तरी घंटी हटकून असायची. मी पहिल्यांदा गेलो १९८७ साली, वडिलांच्या सायकलवर. सीटवर बसलो की पायडल खाली गेल्यावर टाच सुटायची, म्हणून कंबर डावी-उजवीकडे हलवत चालवायचो. मागून पोरं ओरडायची, "पाहा बे, हा नाचत चालला!"

तारीख सरांची ठरलेली: १५ डिसेंबरच्या जवळचा शनिवार-रविवार. सोमवारी शाळेतून सूट. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने चिखलदऱ्याजवळचा गाविलगड किल्ला घेतला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला आणि दोनच दिवसांनी देवगावला नागपूरकर भोसल्यांचा इंग्रजांशी तह झाला. त्या तहात वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला आणि पुढे निजामाकडे आला. "आपण नागपूरकरांचे की निजामाचे, हे याच आठवड्यात ठरलं रे," असं सर दरवर्षी सांगायचे आणि दरवर्षी जणू नवीन बातमी आणल्यासारखं सांगायचे. आम्हाला मात्र त्या आठवड्याचं महत्त्व वेगळं होतं. आंबिया बहाराची संत्री झाडावर असायची.

आमचं गाव अंजनगाव आणि अचलपूरच्या मधलं. शनिवारची सकाळची शाळा सुटली की निघायचं. मोठा रस्ता सरांना आवडत नसे. ट्रकची भीती होतीच, पण त्याहून त्यांची तक्रार अशी की मोठ्या रस्त्यावर पोरं एकमेकांशी बोलत नाहीत, नुसती पळतात. म्हणून गावागावांतून, पांदणीने, धुऱ्याच्या कडेने आमची रांग जायची. काळ्या मातीत बैलगाडीच्या चाकोऱ्या पडलेल्या. चाक एकदा चाकोरीत गेलं की बैलगाडी नेईल तिकडे जायचं. दोन्ही बाजूंना कपाशी, मधे तुरीच्या ओळी. वेचणीला आलेल्या बाया ओटीतला कापूस सांभाळत उभ्या राहून बघायच्या आणि हमखास एखादी विचारायची, "कोनाच्या लग्नाले चालले रे बापा एवढे?"

पथ्रोटच्या आसपास कधी कधी शकुंतला भेटायची. मूर्तिजापूर-अचलपूरची ती अडीच फुटी रुळांची गाडी तेव्हा वाफेवर चालत होती. डिझेल इंजिन आलं १९९४ साली. वेळापत्रकाशी तिचं फारसं जमत नसे, त्यामुळे भेट म्हणजे नशीब. पण भेटली की शर्यत. कॅरिअरवरचा पोरगा खाली उडी मारून हलकं करायचा आणि चालवणारा उभा राहून पायडल मारायचा. शंभर-दोनशे पावलं आम्ही तिच्या डब्याबरोबर असायचो. गार्ड हिरवा झेंडा आमच्याकडे हलवायचा. एका वर्षी आम्ही जिंकलोही, पण त्याचं कारण नंतर कळलं: गाडी थांबत होती.

संत्र्याच्या बागेशी थांबा असायचा. बागवाला दरवर्षी तोच, वाक्यही तेच. "घ्या ना पोट्टेहो, संत्र्याले का तोटा हाय? फक्त फांदी नका मोडू." आम्ही झाडाखाली बसून खायचो आणि सालं गोळा करून एका खड्ड्यात टाकायचो, हा सरांचा नियम. बोटांना येणारा तो सालाचा वास रात्री पांघरुणातही असायचा.

मुक्काम धामणगाव गढीला, शाळेच्या व्हरांड्यात. समोर सातपुड्याची काळी रांग. थंडी अशी की पोरं पोत्यांत शिरायची. सर तिथे कीचकाची गोष्ट सांगत. भीमाने कीचकाला मारून दरीत टाकलं, ती कीचकदरा, तिचंच चिखलदरा झालं. हात धुतले ते भीमकुंड. इतिहासाच्या माणसाने हे सांगावं का, असं एकाने विचारलं होतं. सर म्हणाले, "इतिहास उद्या किल्ल्यावर. आज झोपायच्या आधी गोष्टच बरी."

आणि मग नियम, दरवर्षी त्याच आवाजात: "घाट लागला की उतरायचं. पायडल मारत वर गेला, त्याला रोडगे नाही."

अचलपूर समुद्रसपाटीपासून पावणेचारशे मीटरच्या आसपास, चिखलदरा अकराशेच्या वर. सातशे मीटरचा हा चढ बिनगिअरच्या जड सायकलवर चढणं अवघडच, पण हट्टाने काही पोरं चढू शकली असती. नियम त्या पोरांसाठी होता. डबलसीटवाले मागे राहिले असते आणि रांगेचे दोन तुकडे झाले असते. म्हणून सगळे सायकल हातात धरून चालायचे. सर शेवटी. त्यांच्या सायकलच्या दांडीला पितळी पंप बांधलेला, कॅरिअरला सोल्युशनची डबी आणि जुन्या ट्यूबचे तुकडे. बाभळीचा काटा कोणाच्याही चाकात शिरला की रांग थांबायची. ट्यूब ओढ्याच्या पाण्यात फिरवून बुडबुडा शोधायचा, तिथे बोट ठेवायचं, घासपेपर, सोल्युशन, फुंकर. सर घाई करत नसत. सागाची मोठाली पानं वाळलेली असायची. एखादं खाली पडलं की कोणी चालत आल्यासारखा आवाज व्हायचा आणि सगळ्याच्या सगळ्या माना तिकडे वळायच्या. वाघ कोणालाच दिसला नाही. घरी गेल्यावर मात्र प्रत्येकाला दिसलेला असायचा.

दहावीत मी नियम मोडला. तोवर पाय पुरायला लागले होते. पहाटे धुक्यात पुढे निघालो आणि वळणावळणाला थांबत, उभा राहून पायडल मारत मोथ्यापर्यंत गेलो. मोथा हे वर पोचल्यावरचं गवळ्यांचं गाव. पुलियावर बसलो. छाती भात्यासारखी चालू होती आणि हे सांगायला जवळ कोणी नव्हतं. पाऊण तास झाला, तास झाला. खाली कुठेतरी घंट्यांचा आणि हसण्याचा आवाज येत होता. म्हणजे तिथे काहीतरी घडत होतं आणि मी इथे होतो. एका गवळणीने विचारलं, "एकटाच आला का रे?" आणि पेलाभर दूध दिलं. त्या 'एकटाच'ने जे झालं ते सरांच्या छडीने झालं नसतं. मंडळी आली तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच किस्सा होता. एकाचं पायडल निखळून दरीत गेलं आणि ते काढायला पाच जण कमरेला टॉवेल बांधून साखळी करून उतरले होते. तो किस्सा आजही आम्हा जुन्या पोरांच्या मंडळात निघतो आणि आजही मी त्यात नसतो.

सर रागावले नाहीत. रोडगे मिळणार नव्हते, एवढं ठरलेलं होतं. मला गोवऱ्यांच्या आरापाशी रोडगे भाजायला बसवलं. रोडगे म्हणजे जाडसर दळलेली कणीक, ओवा, मीठ, तेलाचं मोहन. छोट्या पुऱ्या तेल लावून एकावर एक ठेवायच्या आणि मोठ्या पारीत बांधून गोळा करायचा. गोवऱ्या जळून लाल झाल्या की आत पुरायचा. कधी काढायचा हे घड्याळात नसतं. गोळ्याला बारीक चीर पडते आणि ओव्याचा भाजका वास राखेतून वर येतो, तेव्हा. मग टॉवेलमध्ये घेऊन दोघांनी झोका द्यायचा, राख झडते. तीस पोरांचे रोडगे मी झटकले. गंजात वांग्याची भाजी रटरटत होती, तर्री वर आली होती. सगळे बसल्यावर सरांनी आपल्या ताटातला रोडगा फोडला, तूप ओतलं आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला. बोलले काहीच नाहीत. हात भाजला.

जेवण झालं की गाविलगड आणि ते आटोपलं की उतार. त्यातही शिस्त होती: दोन सायकलींत पन्नास पावलं, अर्ध्या-अर्ध्या मैलावर थांबून रिमला हात लावून बघायचा. रॉड ब्रेकच्या रबराचा जळका वास आला की उतरून चालायचं. मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, म्हणून दिवस मावळायच्या आत घाट सोडायचा, हे सरांनी कधी समजावून सांगितलं नाही. नुसते मागून घंटी वाजवायचे.

शाळेने पुढे ती सहल बंद केली. मग आम्ही जुन्या पोरांनीच मंडळ करून ती सुरू ठेवली. आता पुण्या-नागपूरहून गिअरच्या सायकली गाड्यांच्या टपावरून येतात. रविवारी घाटात मोटारींची रांग असते, म्हणून आम्ही मंगळवार-बुधवार धरतो. रजा टाकताना साहेबाला काय कारण सांगायचं हा दरवर्षीचा प्रश्न. मुलीही येतात, आमच्या वेळी त्यांची सहल एसटीने जायची. नियमाचा वाद दरवर्षी होतो. गिअरवर चढणारा चालणाऱ्याच्या वेगानेच चढतो, म्हणजे तो पायीच समजावा, अशी पळवाट आमच्यातल्या वकिलाने काढली आहे. मला ती मान्य नाही, पण गुडघ्यांमुळे माझं मत कोणी धरत नाही.

सर आता जीपने थेट मोथ्याला येतात, कणकेचा डबा मांडीवर घेऊन. पितळी पंप त्यांनी मला दिला. नव्या सायकलींच्या वाल्व्हला तो बसतच नाही, जुन्या वालट्यूबलाच बसतो, म्हणजे सगळ्या रांगेत फक्त माझ्याच सायकलला. तरी नेतो. मागच्या डिसेंबरात मी वर पोचलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. सरांनी डोळ्यांवर हात धरून रस्त्याकडे पाहिलं.

"मागे कोण आहे?"

"कोणी नाही सर. मीच शेवटचा."

"पंप?"

"दांडीला आहे."

"मग ये. आर उकर, रोडगे करपतील."