चिठ्ठी लागली आणि गुराखी बादशहा झाला

चीनच्या इतिहासात गादीसाठी जीव टाकणारे ढिगाने सापडतील, पण ज्याला मुळात बादशहा व्हायचंच नव्हतं असा माझा लाडका म्हणजे लिऊ पेन्झी, वय 15, काम बंडखोरांच्या छावणीत गुरं राखणं.

हे बंडखोर म्हणजे लाल भुवयावाले. वांग मांगने हान घराण्याची गादी बळकावली, त्यात पीत नदीने पात्र बदललं, उपाशी लोक फान चोंगच्या मागे जमले आणि लढाईत आपला कोण, परका कोण ते कळावं म्हणून भुवया लाल रंगवायला लागले. वांग मांग इसवी सन 23 साली मेला तरी हे काय घरी गेले नाहीत, 25 साली राजधानी चांगआनवर निघाले आणि वाटेत ठरलं की आपल्यालाही हान रक्ताचा एक बादशहा पाहिजे.

मग काय, चक्क चिठ्ठ्या टाकल्या! जवळच्या नात्यातले तिघे उभे केले, डब्यात तीन चिठ्ठ्या, त्यातल्या दोन कोऱ्या, आणि पेन्झी धाकटा म्हणून शेवटी हात घातला तर लिहिलेली नेमकी त्यालाच (आमच्या भिशीत मला कधी लागत नाही ते सोडा). समोर सगळे सरदार वाकलेले आणि हा अनवाणी, फाटक्या कपड्यात, घामाघूम, रडायच्या बेतात. भाऊ म्हणाला, चिठ्ठी जपून ठेव. याने ती दातांनी चावून तोडली आणि दिली फेकून. बादशहा झाल्यावरही गुरांच्या मुकादमाला नमस्कार करायला जायचा आणि गुराखी पोरांत खेळायला जाऊ का म्हणून ओरडा खायचा.

चांगआन घेतलं, पण लूटमार थांबेना. 26 च्या नववर्षाला पोराने गळ्यातली राजमुद्रा काढली, गुडघे टेकून रडत म्हणाला, मला बादशहा केलंत तरी तुम्ही दरोडेच घालताय, सोडा मला. सरदारांना लाज वाटली, वीसेक दिवस शिस्तीत राहिले, मग ये रे माझ्या मागल्या.

शेवटी धान्य संपलं, शहर जाळून पश्चिमेला गेले, तिथे बर्फात माणसं मेली, परत फिरले. 27 साली हान गादीवर बसलेल्या दुसऱ्या सम्राटाच्या, म्हणजे ग्वांगवूच्या, सेनापती फंग यीने कमाल केली, स्वतःच्या सैनिकांना यांच्यासारखेच कपडे घालून दबा धरून बसवलं, ऐन लढाईत ते उठले आणि यांना आपला कोण तेच कळेना! 80,000 जण शरण. उरलेल्यांसकट पेन्झीने यीयांगला सम्राट ग्वांगवूपुढे हात टेकले.

ग्वांगवूने त्याला मारलं नाही. पुढे आजारात पेन्झीचे डोळे गेले, तेव्हा शिंगयांगच्या सरकारी जागेतल्या दुकानांचा कर त्याच्या नावे करून दिला, आणि त्यावर तो मरेपर्यंत जगला.