दिद्दा राणीची तांब्याची नाणी : या महिन्याची प्रगती

माझ्या नाणेसंग्रहातल्या काश्मीरच्या ट्रेमधला क्षेमगुप्त ते दिद्दा (दहाव्या शतकातला काश्मीरचा राजा आणि पुढे स्वतः गादीवर बसलेली त्याची राणी) हा भाग आता लावून झाला. मिश्र लॉटमधून (निरनिराळ्या नाण्यांच्या एकत्र विकलेल्या गठ्ठ्यातून) आलेली नाणी डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवली आणि लाकडी काडीनं माती काढली. हिरवा थर मात्र तसाच ठेवलाय, तो खरवडला की अक्षरंही जातात. दिवा अगदी आडवा धरला तेव्हा कुठे शारदा या काश्मीरच्या जुन्या लिपीतलं ‘श्री दिद्दा’ नीट दिसलं.

या नाण्यांत एका बाजूला बसलेली देवी, दुसरीकडे उभा राजा. वजन साधारण साडेपाच-सहा ग्रॅम. कुशाणांपासून चालत आलेलं हे चित्र इथवर इतकं झिजलंय की सवय नसेल तर नुसत्या रेघाच वाटतात. दिद्दानं ९८० ते १००३ स्वतःच्या नावानं राज्य केलं, तरी नाण्यावर उभा आहे तो राजाच. नाव बदललं, चित्र नाही. बाजारात लोकांच्या ओळखीचा ठसा मोडायचा नाही, हा तिचा हिशेब असावा असं मला वाटतं.

मला जास्त मोलाचं वाटतं ते दिद्दाच्या नवऱ्याचं नाणं. क्षेमगुप्ताच्या (९५०–९५८) नावाआधी ‘दि’ आहे, म्हणजे दिद्दा! काश्मीरचा इतिहास लिहिणारा कल्हण सांगतो, लोक त्याला ‘दिद्दाक्षेम’ म्हणून हिणवत. दिद्दा ही लोहर या डोंगरी राज्याच्या सिंहराजाची मुलगी, काबूलच्या शाही घराण्यातल्या भीमशाहीची नात. माहेरचं हे वजन राजाच्या नाण्यावरच उमटलंय. कल्हणानं ‘राजतरंगिणी’ लिहिली ती दीडशे वर्षांनी, आणि त्याची दिद्दा क्रूर आहे, चेटूक करून नातवंडांना मारणारी. ते मी जपूनच वाचते. पण पायानं अधू असलेल्या या बाईनं नवरा गेल्यावर मुलाच्या नावानं कारभार हाती घेतला, बंडखोरांना सोनं देऊन फोडलं, पूंछकडचा म्हशी राखणारा तुंग मुख्यमंत्री केला आणि गादी शेवटी भावाच्या मुलाला, संग्रामराजाला दिली. एवढी पकड दरबारावर क्वचितच कुणाची असते.

मुलगा अभिमन्यू ट्रेमध्ये आहे. नातू नंदिगुप्त, त्रिभुवनगुप्त आणि भीमगुप्त यांचे खण रिकामे आहेत. ९७२ ते ९८० मध्ये तिघं येऊन गेले, त्यामुळे त्यांची नाणी हाताला लागणं कठीण. कुणाकडे नंदिगुप्ताचं वाचता येण्याजोगं नाणं असेल, तर वजन आणि दोन्ही बाजूंचे आडव्या उजेडातले फोटो जरूर टाका.